वाजती गाडी

आषाढातल्या एका बुधवारी माझी बायको पोलादपूरच्या शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना खाली पडली. महाडच्या दवाखान्यात आणेपर्यंत ती गेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिची गाडी शाळेच्या आवारात उभी होती.

ती गाडी घरी कुणी आणली हे मला आजही माहीत नाही. तुडीलला, आमच्या मूळ गावी, अग्नी देऊन महाडला परतलो तेव्हा ती अंगणात होती आणि किल्ली खिडकीत ठेवलेली होती. ड्रायव्हरची सीट कुणीतरी आपल्या उंचीप्रमाणे मागे सरकवली होती.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाणं याला समाचाराला जाणं म्हणतात. एखाद्याला फैलावर घेतलं की त्याचा समाचार घेतला, असंही म्हणतात. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल. एका शब्दाचे दोन अर्थ असणं मला नवीन नव्हतं, पण ते दोन्ही एकाच सतरंजीवर मांडी घालून बसलेले मी त्या दिवसांत पाहिले. समाचाराला आलेल्या प्रत्येकाकडे एक कारण होतं. ती उपास फार करायची. ती पाणी कमी प्यायची. आम्हाला मूल नव्हतं, त्याचं तिने मनाला लावून घेतलं होतं. माणसं ही कारणं हलक्या आवाजात सांगत, चहा नको म्हणत, आणि उठताना रीतीप्रमाणे 'येतो' न म्हणता निघून जात. सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. तिथे पुन्हा यायची वेळ येऊ नये, असा त्याचा अर्थ.

तिचा थोरला भाऊ भिंतीला टेकून बसला होता. पोलादपूरच्या वर खोऱ्यात त्याची शेती आहे. तो सगळ्यांचं ऐकून घेत होता. मग कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "त्या गाडीनं मारली तिला. रोज जाता-येता दणके. माणसाचं डोकं म्हंजे काय नारळ हाय?"

नारळ सगळ्यांना पटला. उपास आणि पाणी मागे पडलं. समाचाराला नंतर जे आले ते गाडीबद्दलच विचारत आले, आणि जाताना अंगणात थांबून तिच्याकडे बघून गेले.

गाडी वाजत होती हे खरं होतं. पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं की खालून टक् असा आवाज यायचा, आणि ओढ्यावरच्या मोरीवर, जिथे रस्ता जरा उचलतो आणि पुन्हा खाली पडतो, तिथे टक् आणि मागोमाग धप्प. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला गॅरेजवाले लोअर आर्म म्हणतात. तो हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये रबराची जाड बांगडी असते. तिला बुश म्हणतात. पुराच्या साली आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गाडी बॉनेटपर्यंत गाळात उभी होती. इंजिन दुरुस्त झालं, सीटा धुऊन वाळवल्या, पण गाळ सांध्यांत शिरून तिथेच राहिला. वर्षादोनवर्षांत रबर तडकलं, लोखंडाला गंज चढला, आणि गाडी वाजायला लागली.

गाडी तीच चालवायची. माझ्याकडे लायसन्स होतं आणि भीती होती. रोज महाड ते पोलादपूर, आणि शनिवारी शाळा लवकर सुटली की तशीच वर खोऱ्यात आईकडे. मी म्हणायचो, गाडी एकदा दाखवून घेऊ. ती म्हणायची, "वाजू दे. वाजती गाडी कुणी चोरत नाही." पुन्हा विचारलं की दुसरं काहीतरी म्हणायची, आणि तेही हसण्यावारीच जायचं. गाडी तिची होती, आणि तिच्या गोष्टीत मी फार शिरत नसे. आमचा संसार असाच चालला होता आणि बरा चालला होता.

सुतक फिटल्यावर मी डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. गाडीच्या हादऱ्यांनी असं होतं का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि नाही म्हणाले. ती नस बहुधा जन्मापासूनच कमकुवत असावी, ती घरी झोपेतही फुटली असती. मी हे तिच्या भावाला फोनवर सांगितलं.

"डॉक्टर गाडीत बसला होता काय?" एवढंच तो म्हणाला, आणि फोन ठेवला. 'ठेवतो' नाही, 'येतो' नाही. सुतक संपून गेलं तरी त्याने आमच्या घराशी सुतकाचीच रीत चालू ठेवली. गणपतीनंतर एकदा तो बाजाराला आला होता तेव्हा दारावरून तांदूळ देऊन गेला, तेव्हाही उंबऱ्याबाहेरूनच, आणि तसाच न बोलता.

माझ्याही मनात त्याच्याविरुद्ध एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती. तुडीलला तिला नदीकाठी नेलं तेव्हा पाऊस आडवा येत होता. शेडमध्ये रचलेलं लाकूडही भिजलं होतं. मी मडकं धरून उभा होतो. तेवढ्यात टेम्पोच्या मागून तो टायर उतरवताना दिसला. जुने, घासलेले, हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेले टायर. लहानपणी पोरं काठीने लोळवतात तसा एकेक टायर हाताने लोळवत तो आला, आणि ते त्याने लाकडांखाली सरकवले. कुणी त्याला अडवलं नाही. आमच्या भागात पावसाळ्यात हे चालतं, मलाही ते माहीत होतं. दुसऱ्याच्या घरचं माहीत असणं वेगळं. जिच्या उशीला आठवडाभर शिकेकाईचा वास राहायचा तिच्या चितेला जळक्या रबराचा वास होता. धूर वर गेलाच नाही. पावसाने तो खाली दाबला आणि तो आमच्या अंगावरून नदीकडे गेला. त्या दिवशीचे कपडे मी टाकून दिले. पुढे कितीतरी महिने पंक्चरचं दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जात असे.

आम्हा दोघांचं भांडण असं होतं. तो चारचौघांत गाडीचं नाव घ्यायचा, आणि मी मनातल्या मनात टायरचं.

वर्ष भरत आलं. वर्षश्राद्ध महाडच्या घरीच करायचं ठरलं, आणि तिच्या आईने निरोप पाठवला की तिला यायचं आहे. लेकीला शेवटचं पाहायला तिला कुणी नेलं नव्हतं. "तिला बघवणार नाय," म्हणून मुलाने तिला घरीच ठेवलं होतं. आता तिला निदान लेकीचं घर बघायचं होतं, तिच्या स्वयंपाकघरात घटकाभर बसायचं होतं. नजर जवळजवळ गेलेली, गुडघे धरलेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि मोटरसायकलवर ती बसत नाही. मी भाड्याची जीप पाठवतो म्हणालो. तिने नको म्हणून सांगितलं. तिला लेकीच्याच गाडीतून यायचं होतं.

मग तिच्या भावाचा फोन आला. "आई त्या गाडीत बसणार नाय. एक गेली तेवढी बस झाली."

"त्यांची तशी इच्छा आहे, दादा."

"इच्छा आईची, मालकी तुमची, आणि मरायचं आमच्याच घरातल्यांनी काय?" मग म्हणाला, "आधी त्या गाडीचा आवाज बंद करून दाखवा. मग बघू."

त्याने अट म्हणून ते म्हटलं की मला टाळायला म्हटलं, ते मला कळलं नाही. पण बोललेल्या शब्दाला धरून राहायची मला सवय आहे. मी गाडी बाहेर काढली. चवदार तळ्याकडच्या गतिरोधकावर ती वाजली आणि मी ब्रेक दाबला, कारण तो आवाज इतकी वर्षं मी फक्त गाडी अंगणात येताना ऐकला होता, स्टिअरिंग धरून कधी नाही.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पाहिली, आर्मच्या बोल्टवर हातोड्याचे दणके दिले आणि मान हलवली. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालाय, म्हणाला. जबरदस्ती केली तर आर्म जाईल, आणि या मॉडेलचा आर्म आता मिळत नाही. बुश मिळेल, आर्म नाही. "सर, भंगारात द्या. तुमच्या डोक्याचा ताप जाईल." त्याला आमचं काही माहीत नव्हतं. तरी डोकं हा शब्द त्याच्या तोंडून आला तेव्हा मला त्याचा राग आला.

म्हणून मी ते काम घरी करायला घेतलं. मी आयुष्यात खिळादेखील सरळ ठोकलेला नाही. पण वाचता येतं. त्या मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक शोधून काढलं, नीट वाचलं, नवं बुश मागवलं, शेजाऱ्यांकडून जॅक आणला, गाडी वर घेऊन खाली लाकडी ओंडके लावले आणि चाक काढलं. गल्लीतल्या एकाने विचारलं, सर, रिटायर व्हायच्या आत गॅरेज काढताय की काय. मी हो म्हणालो.

रोज कॉलेजमधून आलो की मी त्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारायचो, थांबायचो, पाना लावायचो. पाना निसटून बोटांची सालं गेली. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवली तेव्हा बोल्ट कुरकुरला, आणि वाटलं की सुटला. पण फिरत होता तो बोल्ट नव्हता. बोल्टला चिकटलेली आतली नळीच बोल्टाबरोबर रबरात फिरत होती. शेवटी एकदा काहीतरी आतल्या आत तुटल्यासारखं झालं आणि बोल्ट बाहेर आला, लाल, पापुद्रे सुटलेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो बोल्ट वर्तमानपत्रावर ठेवला आणि हात धुवायला गेलो.

आर्म हाती आला. पण त्याच्या भोकात बसलेलं जुनं बुश हलेना. मी हातोड्याने ठोकलं, कानशीने घासलं, पायरीवर आडवं धरून त्यावर उभाही राहिलो. रबर लवायचं आणि पुन्हा होतं तिथे यायचं. पुस्तकात लिहिलं होतं, प्रेसमध्ये दाबून बाहेर काढावे. प्रेस माझ्याकडे नव्हता. पुस्तकात असं बरंच असतं जे वाचणाऱ्याकडे नसतं.

श्राद्धाच्या आधीच्या रविवारी सकाळी तिचा भाऊ मोटरसायकलवरून आला. मागे पोतं बांधलेलं. आईने पाठवलं, म्हणाला. आई रोज विचारते, गाडी कधी येणार; ती बंद पडलीय, एवढंच तिला सांगितलेलं. पोत्यात पाइपचे तुकडे होते, लांब आट्यांचा एक जाड बोल्ट होता, वॉशर, करवतीची पाती, आणि गॅसच्या छोट्या टाकीला जोडलेला बर्नर होता.

तो घरात आला नाही. अंगणातच पाण्याच्या पिंपाच्या बाजूला बसला आणि आर्म हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ठोकून ठोकून तोंड वाकडं केलंत याचं," तो म्हणाला. "आता हे जाळायलाच लागतंय. रबर जळलं की बाहेरचं लोखंडी कडं कापायचं, की सुटलं."

रबर जाळणं माझ्यासमोर नको, हे त्याला समजेल असं मला वाटलं होतं. त्याने बर्नर पेटवला, आर्म दोन विटांवर ठेवला आणि ज्योत रबरावर धरली. आधी रबर चमकलं, मग फुगलं, मग त्याला छोटी पिवळी आग लागली आणि काळा धूर निघाला.

मी उठून नळापाशी गेलो. नळ सोडला नाही. नुसता उभा राहिलो.

मागून बर्नर बंद झाल्याचा आवाज आला. रबर आपोआप जळत राहिलं. त्याने बर्नर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "लाकडं ओली होती, भावोजी."

मी वळलो नाही.

"मला ठाऊक हाय तुमच्या मनात काय हाय ते. वर्षभर ठाऊक हाय. तेव्हा तुम्ही मडकं घेऊन हुभे होतात. भटजी म्हणत होते, उशीर होतोय. सगळे माझ्याकडे बघत होते. मग काय तिला अर्धी ठेवायची होती?"

हे वाक्य त्याने रागाने म्हटलं नाही. ते रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, "आणि गाडी? गाडीचं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

"गाडीचं खोटं काय बोललो?"

"डॉक्टर नाही म्हणाले."

"डॉक्टर नाय म्हणणारच. तुम्ही पण नाय म्हणणार. मग ती मेली कशानं? कायच नसता मेली?" त्याने आर्म चिमट्याने उलटा केला. "तुम्ही तिला सांगायला पायजे होतं. तुमची बायको होती."

"तुमची बहीण होती," मी म्हणालो. "दर शनिवारी तुमच्याच दारात गाडी उभी असायची. तुमच्याकडे पोत्यात सगळं सामान होतं."

खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाचंच समाधान झालं नाही. वर्षभर साठवलेलं बोलून टाकलं की हलकं वाटतं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. धूर विरेपर्यंत मी नळापाशीच थांबलो आणि मग परत जाऊन आर्म धरला, कारण कापायला कुणीतरी घट्ट धरायला हवं होतं.

रबर जळून गेल्यावर लोखंडाचं पातळ कडं उरलं. त्याने पात्याने ते आतून चिरलं, छिन्नीने दुमडलं, आणि ते ठणकन खाली पडलं. आत्तापर्यंत न हलणारी गोष्ट इतकी पातळ होती.

नवं बुश भोकापेक्षा केसभर मोठं असतं. तसंच असायला हवं, नाहीतर ते धरणार नाही. पुस्तकात होतं की बुश थंड करावं म्हणजे ते जरा आकसतं. मी सकाळीच ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. कप्प्यात जागा नव्हती म्हणून आतली एक पिशवी काढून ओट्यावर ठेवली होती. त्या पिशवीत सोललेले कडवे वाल होते. ती जाण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने भिजवून, मोड आणून, सोलून ठेवलेले. वर्षभर मी ते ना शिजवले ना टाकले.

बुश भोकाशी लावून तो म्हणाला, ग्रीस आणा. मी म्हणालो, ग्रीस नाही, साबणाचं पाणी. ग्रीस रबर खातं.

"पुस्तकात लिव्हलंय?"

"हो."

"मग पुस्तकालाच सांगा दाबायला."

पण त्याने साबणाचं पाणी लावलं. लांब बोल्ट बुशमधून आरपार घातला, दोन्ही बाजूंना पाइपचे तुकडे आणि वॉशर लावले, आणि नट आवळत बुश आत ओढायला सुरुवात केली. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं फिरवायचं. दोनदा बुश तिरकं गेलं, दोनदा काढलं. तिसऱ्यांदा त्याने मला शिवी दिली, मी हात सरळ धरला नाही म्हणून. जावयाला शिवी देतात हे मला त्या दिवशी कळलं. मग एकदा बुश सरळ लागलं आणि कुरकुरत आत जाऊ लागलं, आणि आम्ही दोघे श्वास धरून त्या अर्ध्या इंचाकडे बघत राहिलो. ते काठाला येऊन टेकलं तेव्हा तो म्हणाला, "बसलं." मीही म्हणालो, "बसलं."

आर्म परत जागेवर चढवला. तो बोल्ट आवळायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. गाडी हवेत लटकलेली असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लटकलेल्या स्थितीतच घट्ट होतं, आणि गाडी खाली टेकली की पिळलं जाऊन फाटतं. आधी गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची, मग आवळायचं. मी हे सांगितल्यावर त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग चाक चढवलं, चाकांखाली फळ्यांची चळत लावून गाडी तिच्यावर टेकवली. मी खाली सरकलो, पाना लावला, आणि म्हणालो की आत कुणीतरी बसायला हवं. गाडीत माणूस असताना जेवढं वजन असतं तेवढं हवं.

अंगणात आम्ही दोघेच होतो.

तो बराच वेळ उभा राहिला. मला खालून त्याच्या चपला दिसत होत्या. त्या गाडीत बसणार नाही, असं त्याने सगळ्या गावाला सांगितलं होतं. मग दार उघडलं, आणि गाडी माझ्या डोक्यावर जराशी खाली आली. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. मी बोल्ट आवळला. आवळून झाल्यावर मी झालं म्हणालो, तरी तो उतरला नाही. वर काय करत होता ते मला दिसत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मी तसाच गाडीखाली पडून राहिलो, तो उतरेपर्यंत.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात आलो तेव्हा वालाच्या पिशवीची आठवण झाली. दुपारभर ती ओट्यावर राहिली होती. पिशवीत फेस आला होता. मी ते वाल परसात पेरूच्या झाडाखाली पुरले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन खोऱ्यात गेलो. पोलादपूर सोडल्यावर रस्ता अरुंद होत जातो. मी हळू चालवत होतो. तिच्या माहेराच्या अलीकडे एक मोरी आहे. तिथे पोचलो तेव्हा मी नकळत हातांवर जोर दिला, आणि गाडी उचलली, खाली आली, आणि काहीच वाजलं नाही. मला वाटलं, जमलं.

दारात गाडी थांबवली तेव्हा तिचा भाऊ बाहेर आला. आई पडवीत बसली होती, नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. ती उठली नाही.

"आई, चला," मी म्हणालो.

"जावईबापू?" ती दचकली. "कशानं आलात?"

"गाडीनं. तिच्या गाडीनं."

"गाडी कुठं ठेवलीत? खाली मोरीपाशी?"

"दारात हाय, आई," मुलगा म्हणाला. "तुझ्यासमोर हाय."

तिने मान वळवली, आवाजाच्या दिशेने, गाडीच्या नव्हे. "मोरीवर वाजली नाय."

तो म्हणाला की दुरुस्त केली, आता नाही वाजत. तिने हातातली पिशवी मांडीवर घेतली. मग आमच्या दोघांपैकी कुणाशी बोलत होती ते कळलं नाही, पण म्हणाली की शनिवारी गाडी मोरीवर वाजली की मी चहा ठेवायची. दिसत नाही ना मला. लेक म्हणाली होती, आई, मी मुद्दाम ठेवलाय आवाज, तुला कळायला. दुरुस्त केली तर तू मला दारात येईपर्यंत ओळखायची नाहीस.

"तुम्ही दोघांनी मिळून बंद केलीत काय ती?" तिने विचारलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे होतं ते माझ्याही तोंडावर असावं. दर शनिवारी तो त्याच घरात असायचा. मी रोज रात्री तिच्याशेजारी झोपायचो. तिने ते तिसऱ्याच माणसाला सांगितलं होतं.

आई गाडीत बसली. परतताना मोरी आली तेव्हा तिने हात दारावर ठेवला आणि थांबली. काही झालं नाही. मग तिने हात काढून घेतला. महाडला ती लेकीच्या स्वयंपाकघरात बसली, ओट्यावरून हात फिरवला, फोडणीचा डबा उघडून वास घेतला आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं, आणि मी तिला परत पोचवलं. ती मला चांगलं बोलली. गाडीबद्दल पुन्हा काही म्हणाली नाही.

तिचा भाऊ आता फोन करतो. आईच्या औषधांचं विचारतो, महाडला मिळतात म्हणून मी पाठवतो. गाडीचं तो काढत नाही, टायरचं मी काढत नाही. फोन ठेवताना तो अजून 'येतो' म्हणत नाही, आणि मी 'या' म्हणत नाही. गाडी अंगणात आहे. ती नीट चालते. ती वाजत नाही.